‘लागली’ म्हणजे नेमकं काय लागलं? मराठीत नव्याने आलेल्यांसाठी

आमच्या ऑफिसात इंदूरहून आलेला एक पोरगा होता. मराठी शिकायची त्याला भारी हौस, समोरचा हिंदीत बोलला तरी हा मराठीतच उत्तर देणार. एकदा संध्याकाळी पार्किंगमध्ये क्रिकेट खेळताना पडला, गुडघा चांगलाच सोलवटला, आणि लंगडत लंगडत पँट्रीतल्या मावशींकडे जाऊन म्हणाला, "मावशी, मला लागली." मावशींनी कपबशा विसळता विसळता मानसुद्धा वर केली नाही. "मग जा की बाबा, मला काय सांगतोस, लिफ्टच्या उजव्या हाताला आहे." हा बिचारा गेला, त्याला वाटलं फर्स्ट एडची पेटी तिथे असेल, आणि बाथरूमच्या दारात उभा राहून मला फोन.

चूक त्याची नव्हती खरं तर. हिंदीत ‘चोट लगी’ म्हणतात, चोट स्त्रीलिंगी, म्हणून लगी. त्याने लगीचं लागली केलं, झालं काम. मराठीत जखम झाली तर ‘मला लागलं’ म्हणतात, आणि नुसतं ‘मला लागली’ म्हटलं की ऐकणाऱ्याला एकच गोष्ट समजते, ती म्हणजे जायचंय, आणि जोरात. एका अनुस्वाराने आणि एका वेलांटीने माणूस दवाखान्याऐवजी बाथरूमला पोचतो. तेव्हापासून मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिला शब्द हाच शिकवतो, लागणे. ‘कसे आहात’ आणि ‘धन्यवाद’ सगळे ॲपवरून शिकून येतात, पण खऱ्या मराठीत दिवसभर कानावर पडतं ते लागला-लागली-लागलं, आणि त्याचे अर्थ पाठ करायला बसलात तर वाट लागेल. (हा पण एक अर्थ, त्यावर येतो पुढे.) म्हणून पाठ करू नका, मी सांगतो त्या क्रमाने कान तयार करा.

पायरी पहिली: शेवट ऐका

वाक्यात दुसरं नाम नसेल, नुसतं ‘लागलं’ किंवा ‘लागली’ असेल, तर शेवटचा स्वर सगळं सांगतो.

‘लागलं’ म्हणजे बहुतेक वेळा इजा. पोरगं धपकन पडलं की आई धावत येऊन विचारते, "कुठं लागलं? बघू." हेच लागलं मनालापण होतं. "त्याचं बोलणं मला फार लागलं" म्हणजे बोलणं जिव्हारी गेलं, आणि जो असं टोचून बोलतो त्याच्या बोलण्याला लागट म्हणतात. पण "काही लागलं तर सांग" असं तुमची घरमालकीण म्हणाली तर ती तुम्हाला पडायचा शाप देत नाहीये, काही गरज पडली तर सांग म्हणतेय, साखर, गॅसचा नंबर, रात्री-अपरात्री दवाखाना, काहीही. आणि समोर ताट ठेवून "कसं लागलं?" विचारलं तर चव विचारतेय. फक्त ताट समोर नसेल आणि तुमच्या हाताला बँडेज असेल तर हाच प्रश्न ‘कसं काय लागून घेतलंस’ असा होतो. म्हणजे ऐकण्याआधी बघायचं.

‘लागली’ एकटी आली की सावध. शी, लघवी, भूक, वाट, सगळ्या स्त्रीलिंगी, आणि बोलणारा नाम गाळतो तेव्हा ते गाळण्यामागे काहीतरी कारण असतं. लहान पोरगं म्हणालं "आई, लागली" तर गाडी बाजूला घ्या. कॉलेजचा पोरगा पेपर देऊन बाहेर येऊन म्हणाला "लागली ना राव" तर गाडी बाजूला घ्यायची गरज नाही, पेपर अवघड गेलाय.

‘लागला’ एकटा फारसा येत नाही, त्याला सोबत लागते. मार लागला, नंबर लागला, निकाल लागला, डोळा लागला. डोळा लागला म्हणजे डुलकी लागली, डोळ्याला काही झालेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण एका बंगाली मैत्रिणीने हे ऐकून ड्रॉप्स आणले होते.

पायरी दुसरी: ‘ला’ कुणाला चिकटलाय ते बघा

हे थोडं व्याकरण आहे पण याशिवाय पुढे जाता येणार नाही. दोन वाक्यं घ्या. "तो बोलायला लागला" आणि "त्याला बोलायला लागलं". पहिल्यात त्याने बोलायला सुरुवात केली. दुसऱ्यात त्याच्यावर बोलायची वेळ आली, इच्छा असो नसो. फरक कुठे आहे, तर माणसाला ‘ला’ लागलाय की नाही (बघा, इथेपण लागलाच). माणूस मोकळा असेल तर सुरुवात, माणसाला ‘ला’ असेल तर सक्ती. "मी रडायला लागलो", "मला रांगेत उभं राहायला लागलं". पुस्तकी मराठीत सक्तीसाठी ‘उभं राहावं लागलं’ लिहितात, बोलताना दोन्ही चालतं, आणि नवीन माणूस तिथेच गोंधळतो कारण दोन्हीकडे ‘-यला लाग-’ सारखंच ऐकू येतं.

लातूर-सोलापूर-कोल्हापूरकडे गेलात तर अजून एक गंमत. तिकडे "काय करायलास?" असं विचारतात, म्हणजे काय करतोयस. कान देऊन ऐकलं तर ‘करायला लागलास’चा मधला भाग गिळल्यासारखं वाटतं, आणि अर्थ ‘सुरुवात’ नाही तर ‘आत्ता चालू आहे’ असा. नागपूरला मात्र हेच काम ‘राहणे’ करतं, "काय करून राहिला बे". म्हणजे एका माणसाला तीन गावांत तीन तऱ्हेने विचारतात आणि तो तिन्हीकडे मोबाईलच बघत असतो.

पायरी तिसरी: हिंदीवाल्यांनी ‘लगना’ घरी ठेवून यायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, संस्कृतातला ‘लग्’ धातू, चिकटणे या अर्थाचा. म्हणून अर्धे वापर जुळतात आणि जुळतात म्हणूनच माणूस फसतो. ‘भूख लगी’ची भूक लागली, ‘प्यास लगी’ची तहान लागली, ‘आग लगी’ची आग लागली, इथवर सगळं सरळ. मग ‘ठंड लग रही है’ आली की मराठीत थंडी वाजते. हो, वाजते, घंटा वाजते तशी. ‘डर लगता है’ची भीती वाटते. ‘गर्मी लग रही है’ला नुसतं "उकडतंय" म्हणायचं. ‘अच्छा लगा’ला छान वाटलं किंवा आवडलं. आणि ‘मुझे लगता है’ला ‘मला वाटतं’. "मला असं लागतं की" असं कुणी म्हणालं की समोरचा थांबून वाट बघतो, कशाला लागतं, किती लागतं, अर्धा किलो की एक.

झोपेचं वेगळं आहे. झोप येते म्हणजे डोळे जड झालेत. झोप लागते म्हणजे खरोखर झोपलात. "मला झोप येत होती पण लागली नाही" हे वाक्य मराठीत पूर्ण शुद्ध आहे आणि ज्यांच्या शेजारी मंगल कार्यालय आहे ते महिन्यातून चारदा म्हणतात.

पायरी चौथी: जागेप्रमाणे अर्थ पकडा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार, कारण खरी मजा इथेच आहे.

एसटी स्टँड. भोंग्यातून आवाज येतो, अमुक ठिकाणी जाणारी गाडी फलाट क्रमांक ५ वर लागलेली आहे. म्हणजे उभी आहे, पळा. शेजारची आजी म्हणते, "आम्हाला गाडी लागते, म्हणून पुढची सीट बघतोय." तिला प्रवासात मळमळतं. पहिल्या वाक्यात गाडी फलाटाला लागली, दुसऱ्यात गाडी माणसाला लागली, आणि दुसरा प्रकार असेल तर तिला खिडकी द्या, वाद घालू नका, पुढे घाट आहे. रस्ता सांगतानापण हाच शब्द येतो, पुण्याहून कोल्हापूरला निघालात की आधी कात्रज लागतं, मग खंबाटकी घाट लागतो, मग सातारा, मग कराड. इथे ‘लागतं’ म्हणजे वाटेत येतं, धडक बसत नाही. आणि "किती लागतील?" हे तिकिटाचे पैसे, "किती लागेल?" हा बहुतेक वेळ. एवढ्याशा फरकावर कंडक्टर तुम्हाला ओळखतो, इथला की बाहेरचा.

स्वयंपाकघर. "भाजी तिखट लागतेय" म्हणजे चव. "भाजी लागली!" असं आतून ओरडणं ऐकू आलं तर गॅस बंद करायला धावा, बुडाला चिकटून करपायला लागली आहे. दूध लागलं, भात लागला, सगळं तेच. करपलं आणि लागलं यात बायका बारीक फरक करतात, लागलेलं दूध नुसतं वासाला कळतं, करपलेलं डोळ्याला दिसतं. आणि "भाजी लागेल" म्हणजे आणावी लागेल. तिन्ही वाक्यांत भाजीच आहे आणि तिन्ही वेळा तुम्हाला वेगळं काम करायचंय: पाणी पिणे, गॅस बंद करणे, पिशवी घेऊन बाहेर पडणे. चवीवरून एक म्हणपण आहे, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. ही शेजाऱ्याच्या चांगुलपणाचा फार फायदा घेणाऱ्याला ऐकवतात.

लग्नाचं घर. इथे "लग्न लागलं" आणि "लग्न झालं" एक नाही. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, तो जो क्षण आहे तेव्हा लग्न लागतं. म्हणून पत्रिकेवर १२ वाजून ३६ मिनिटं असली काटेकोर वेळ असते आणि पाहुणे "लागलं का?" विचारत धावत येतात, लागलं असेल तर सरळ पंगतीकडे वळतात. गंमत म्हणजे ‘लग्न’ हा शब्दही त्याच ‘लग्’ धातूचा, चिकटलेलं या अर्थाचा, म्हणजे लग्न लागलं म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा म्हणतो. दोनदा बजावून सांगायची गरज का पडली असेल ते विवाहितांना विचारा. याच घरात नात्याचा ‘लागतो’ भेटेल. "हा तुझा कोण लागतो?" "लांबचा मामा लागतो." आणि भांडणात हेच उलटं वापरतात, "तो काय माझा जावई लागतो, त्याची सरबराई करायला?" याला उत्तर द्यायचं नसतं, तो प्रश्न नाही.

शेत आणि गाव. कोल्हापूर-सांगलीकडे ‘लागण’ म्हणजे लागवड, आणि लागण म्हटलं की पहिला आठवतो ऊस. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, नंतर पूर्वहंगामी, मग सुरू, ही उसाच्या लागवडीच्या हंगामांची नावं. शहरातल्या माणसाने २०२० नंतर लागण हा शब्द फक्त कोरोनाला जोडलाय, त्यामुळे "आमच्याकडं या वर्षी लागण जास्त झाली" ऐकून माझा एक सहकारी दोन पावलं मागे सरला होता, आणि काका बिचारे कांड्यांबद्दल बोलत होते. बोअर मारला आणि "दोनशे फुटाला पाणी लागलं" म्हणाले तर पेढे मिळतील. पण "याला शहराचं पाणी लागलं" म्हणाले तर पेढे नाहीत, पोरगं बिघडलं असा अर्थ. संगतीने बिघडण्यावर तर म्हणच आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. याशिवाय मृग लागतो, श्रावण लागतो, ग्रहण लागतं, दिवे लागतात आणि त्या वेळेला दिवेलागण म्हणतात. झाडाला कैऱ्या लागतात, लाकडाला वाळवी लागते, पोराला दृष्ट लागते आणि मग मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतात.

ऑफिस, शाळा, सरकार. पोरगं बँकेत लागलं म्हणजे नोकरी मिळाली. नंबर लागला म्हणजे ॲडमिशन झालं, किंवा दवाखान्यात आपली पाळी आली. चष्मा लागला म्हणजे आता चष्म्याशिवाय दिसणार नाही, हे वाईट. पेन्शन लागली, हे चांगलं. निवडणुकीआधी आचारसंहिता लागते, मेमध्ये सुट्टी लागते, थेटरात पिक्चर लागतो, दुकानात सेल लागतो. फोन लागत नाही म्हणजे जोडला जात नाही, दार लागत नाही म्हणजे बंद होत नाही. यात फार खोल जायला नको, सुरू झालं किंवा जोडलं गेलं एवढं धरून चाललं तर नव्वद टक्के निभतं.

गोव्यात उतरलात तर अजून एक इशारा, कोंकणीत ‘लागीं’ म्हणजे जवळ. "म्हजे लागीं" ऐकून काही दुखलंय असं समजू नका.

पायरी पाचवी: आता टपोरीगिरी

"वाट लागली." हा मुकुटमणी. वाट म्हणजे रस्ता, वाटेला लागणे म्हणजे निघणे, आणि वाट लागणे म्हणजे पार बट्ट्याबोळ. पावसात रस्त्यांची लागते, परीक्षेत पोरांची, महिन्याच्या पंचवीस तारखेला सगळ्यांची. "वाट बघ" मात्र निव्वळ थांब, किंवा तिरकस टोनमध्ये ‘बस बोंबलत, मिळणार नाही’. आणि "त्याला वाटेला लावला" म्हणजे कटवला, तर "त्याची वाट लावली" म्हणजे संपवला. पहिल्यात माणूस सुखरूप घरी जातो. सरकारी कागदावर हीच मंडळी सभ्य कपड्यात भेटतात, कचऱ्याची विल्हेवाट लावावी.

माझं मत, ‘वाट लागली’ आता बॉससमोर, सासूसमोर, कुठेही चालतं, धार गेली तिची. पण ‘वाट’ गाळून नुसतं "माझी लागली", "त्याची लावली" हे मित्रांतच ठेवा. कारण गाळलेला शब्द ऐकणारा स्वतः भरतो, आणि तो नेहमी ‘वाट’च भरेल याची खात्री नाही.

लागणेचा मोठा भाऊ म्हणजे लावणे. लागतं ते आपोआप, लावतं ते कुणीतरी मुद्दाम, आणि स्लँग सगळी मुद्दामची असल्याने लावणेकडे माल जास्त. चुना लावला, फसवलं. मस्का लावला, गोड बोलून काम काढलं. फिल्डिंग लावली, बढतीसाठी असेल तर साहेबाभोवती आणि कॉलेजात असेल तर मुलीभोवती, अर्थ एकच, चारी बाजूंनी माणसं पेरली. काडी लावली, दोघांत भांडण पेटवून स्वतः बाजूला बसला. नाट लावू नको, चांगल्या कामाच्या सुरुवातीला अशुभ बोलू नको. "कामाला लाव" साधंपण आहे आणि तिरकसपण, टोन ऐका, तिरकस असेल तर उगाच पळवलं, हेलपाटे घालायला लावले. ‘धंद्याला लावलं’ त्याच्याही पुढचं, पार लुबाडलं, आणि हे बायकांबद्दल कधीही बोलू नका, अर्थ भलताच घाण होतो.

एक जोडी कायम लक्षात ठेवा. "कळ लागली" म्हणजे दुखलं, कळ आली. "कळ लावली" म्हणजे चुगली करून भांडण लावलं, आणि असं करणारा कळलाव्या, त्याला नारद पण म्हणतात. पोटात कळ लागली म्हणायच्या जागी "मी कळ लावली" म्हणालात तर डॉक्टर औषध देण्याआधी कुणाकुणात लावली ते विचारतील.

‘मागे लागणे’वर जास्त बोलत नाही. आई लग्नाच्या मागे लागते, कुत्रं गाडीच्या मागे लागतं, भावना साधारण सारखीच असते. ‘नादाला लागू नको’ला मात्र दोन तोंडं. "त्या पोराच्या नादाला लागू नको" हा सल्ला, त्याच्या संगतीत जाऊ नको. "माझ्या नादाला लागू नको" ही धमकी. ‘माझ्या’ ऐकू आलं की विषय बदला.

पायरी सहावी: वापरायला लागा (सुरुवात, सक्ती नाही)

पहिला महिना फक्त नाम जोडून बोला. नुसतं लागली-लागला म्हणू नका, पायाला लागलं, भूक लागली, फोन लागत नाही, पूर्ण म्हणा. दुसऱ्या महिन्यात समोरचा नाम गाळतो तेव्हा मनात भरून बघा. शंका आली तर "काय लागलं?" विचारा, मराठी माणसाला हे विचारलेलं अजिबात वाईट वाटत नाही, उलट तो खुलतो आणि अर्धा तास सांगत बसतो. कोश बघायची हौस असेल तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, फक्त शोधताना ‘लागणें’ असा शेवटी अनुस्वार द्या, जुनं लेखन आहे.

आणि हा सराव. एका दमात वाचा, मग प्रत्येक लागणे वेगळं काढून अर्थ लिहा: सुट्टी लागली तशी पोरं मागे लागली म्हणून कोकणात निघालो, घाट लागला तशी धाकट्याला गाडी लागली, गावी कळवावं तर फोन लागेना, पोचलो तर दाराला कुलूप लागलेलं, शेजारच्या काकूंनी हाक मारून चहा दिला, दूध जरा लागलेलं होतं पण त्या वेळी तो चहा इतका गोड लागला म्हणून सांगू.

आठ आहेत. इंदूरच्या पोराने सात बरोबर ओळखले, आणि दुधापाशी थांबून अगदी काळजीने विचारलं, "कुठं लागलं त्याला?"